मोकळं सोडलेलं टोक

३ मार्च

दिवसभर केबलींची कपाटं आवरली. चारही मजले! माझ्या आधीच्या इंजिनियरनं या हॉस्पिटलात नुसता गुंता करून ठेवलाय. मला इथे येऊन पंधरवडा होत नाही तोच अधीक्षक विचारतात, "झेपेल ना?" झेपवून दाखवीन!

नव्या वॉर्डाचा स्विच, तिथल्या सगळ्या केबली जुळतात ती पेटी, अजून बंदच आहे. त्या कपाटात एक केबल लोंबत होती, टोकाला लाल दोरा. दोरा कापला, टोक स्विचच्या रिकाम्या खाचेत बसवलं. आता कसं नीटनेटकं दिसतं! दोरा या वहीत खुणेला ठेवला.

५ मार्च

नर्सना नेटवर्कचे प्रकार शिकवले. मनगटावरचं घड्याळ खिशातल्या फोनशी बोलतं ते पॅन. लॅन या इमारतीपुरतं, प्रयोगशाळेतला रिपोर्ट त्यावरूनच वॉर्डात येतो. वाय-फाय असलं तरी ते लॅनच, फक्त बिनतारी. शहरातली आपली तिन्ही हॉस्पिटलं जोडतं ते मॅन. आणि परदेशातल्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवायचा तर वॅन.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मॅन आहे, मग वुमन कुठाय?" मागून वायरमनकाका, "ती सगळ्यांना जोडत बसलीय!" हसून हसून पुरेवाट.

काका इथे तीस वर्षं आहेत. निवृत्तीला चार महिने उरलेत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते मला आवडत नाही. लिहून टाकलं. बरं वाटलं.

८ मार्च

काकांनी नव्या वॉर्डाचा स्विच पहिल्यांदा चालू केला आणि दोन मिनिटांत अख्खं लॅन आडवं! रिपोर्ट येईनात, औषधांच्या याद्या उघडेनात. नर्स कागद घेऊन जिने चढत-उतरत होत्या. एका बाईचं ऑपरेशन तीन तास लांबलं. वाचली ती.

शेवटी सापडलं. काकांनीच ओढलेल्या एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! मग एकच निरोप आत गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो, बाकी कुणाला वाटच मिळत नाही. आम्ही त्याला लूप म्हणतो. काका वळसा म्हणतात.

९ मार्च

चौकशी. काका एवढंच म्हणाले, "मी ते टोक मोकळं सोडलं होतं."

अधीक्षक म्हणाले, "मग काय, केबल आपणहून आत शिरली?"

नव्या माणसानं मधे तोंड कशाला घालावं?

१० मार्च

अहवाल दिला. "वायरमनचा निष्काळजीपणा." सही करण्याआधी दोनदा वाचला. पण दुसरं कोण असणार?

११ मार्च

डोकं दुखतंय. जेवण गेलं नाही.

१४ मार्च

काकांना काढलं. किल्ल्या द्यायला आले. मी म्हटलं, "काका, चूक काय, कुणाच्याही हातून होते."

"होते ना! म्हणून तर दोरा बांधतो. काम अर्धं राहिलं की टोकाला लाल दोरा. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. इथल्या जुन्यांना सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"दाखवायला दोरा नको? कपाट उघडलं तर दोरा गायब." किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "जाऊ दे पोरी. काखेत कळसा नि गावाला वळसा."

एरवी ते मला मॅडम म्हणतात.

मला काही आठवेना. त्या दिवशी चार मजल्यांवरून चिंध्या, चिकटपट्ट्या, दोरे किती काढून फेकले असतील!

१५ मार्च

काल एवढं लिहिलं आणि वही मिटायला खूण उचलली. लाल दोरा!

अधीक्षक अजून यायचेत. त्यांच्या दाराशी बसलेय, दोरा मुठीत धरून.