आमच्या पलंगाची वाढती उंची

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत वाकवत नाही, म्हणून आठही अंगांनी खुर्चीत बसूनच घातला आहे. मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींची कवळी तोंडात बसली, की अजून डबीतच आहे? इकडे सगळे माझ्याशी फार चांगले वागत आहेत. इतके चांगले, की माझ्या मनात पाल चुकचुकली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्या आजाराचं तुला माहीतच आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतल्या तारांवरचं वेष्टण झिजतं आणि मेंदूने धाडलेला निरोप वाटेतच रेंगाळतो. आधी पाय उशिरा ऐकायला लागले, मग हात, म्हणून मी सुतारकामाला कुलूप लावून घरी बसलो. आता घशाची पाळी आली आहे. साधं पाणी प्यायलो तरी ठसका लागतो. रात्री तर स्वतःचीच लाळ भलत्या वाटेने जाते, आणि श्वास अडकून मी ताडकन उठून बसतो. ताई, त्या वेळी मला फार भीती वाटते. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काही त्रास नाही म्हणून मोकळा झालो, आणि रात्री तोंडावर उशी दाबून खोकत राहिलो. घरात कोणालाही पत्ता नाही याची मला शंभर टक्के खात्री होती.

तर कटाची सुरुवात चहापासून झाली. एके सकाळी चहा घट्ट लागला. दाट दुधाचा घट्ट नव्हे, आपण लाकडाला लावतो त्या पातळ केलेल्या सरसासारखा घट्ट. (सरसाची चव मला ठाऊक आहे. कशी, ते विचारू नकोस.) तुझ्या भावजयीला विचारलं तर म्हणाली, दूधच तसं आलंय. दुसऱ्या दिवशी पाणीही तसंच आलं होतं. मग मी स्वयंपाकघरावर पाळत ठेवली, तेव्हा साखरेच्या डब्यामागे एक पांढरा डबा सापडला, लेबल भिंतीकडे वळवलेलं. ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही, तो डबा असा तोंड फिरवून ठेवतो का, तूच सांग.

पुढे जेवताना सगळे मुके झाले. आमचे चिरंजीव, म्हणजे ज्यांना बँकेतल्या साहेबाला नावं ठेवल्याशिवाय घास गोड लागत नाही ते, खाली मान घालून जेवायला लागले. टीव्ही बंद. मी काही बोललो की दोघं मान डोलावतात, उत्तर देत नाहीत, आणि मी घास गिळला की चोरून माझ्या गळ्याकडे बघतात. जेवण झाल्यावर मला आडवंही होऊ देत नाहीत. ही माझ्यासमोर स्क्रूंचा डबा उपडा करते आणि म्हणते, जरा निवडून द्या हो, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. मी निवडतो. दुसऱ्या दिवशी तेच स्क्रू परत एकत्र झालेले असतात! मी ओळखलं की मला गुंतवून ठेवून यांना वर्कशॉप विकायचं आहे. रात्री जाग आली की ही अंधारात पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलेली दिसायची. वर्कशॉपची किल्ली माझ्या उशीखाली असते. आता आणखी काय पुरावा हवा?

आणि मग पलंग. एका दुपारी आडवा झालो तर मी पायांकडे घसरतोय असं वाटलं. लगेच बुडबुड्याची लेव्हलपट्टी मागवून गादीखालच्या फळीवर ठेवली. बुडबुडा उशाकडे पळाला, म्हणजे पायथा खाली गेला होता. आता हा पलंग मी स्वतः बनवलेला. माझ्या हातच्या पलंगात उतार असणं शक्यच नाही, तेव्हा जमीनच खचली असणार, आणि घर खचतंय हे माझ्यापासून लपवून ही दोघं ते विकायला निघालीत, असं सगळं जुळून आलं. (वर्कशॉप सोड, अख्खं घर!) मी कोणाला बोललो नाही. खुर्चीत बसून पायथ्याला गाडीचा जॅक लावला आणि पलंगाच्या तिकडच्या दोन्ही पायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले. बुडबुडा मधोमध आला. वरून चादर लोंबती सोडली.

चार दिवसांनी बघतो तर बुडबुडा परत उशाकडे! मी आणखी ठोकळे घातले. मग परत उशाकडे. मी परत ठोकळे. ताई, मी काही हार मानणारा माणूस नाही, पण हळूहळू पलंगावर चढायला मला स्टूल लागायला लागलं आणि पंख्याचा वारा नाकाला झोंबायला लागला. गंमत म्हणजे पलंग एवढा उंच झाला तरी घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही. मी बोलत नव्हतो ते माझं गुपित म्हणून. ती दोघं का बोलत नव्हती, हे मला पलंग कोसळला तेव्हा कळलं.

मी स्टुलावरून चढत होतो आणि उशाकडचा एक ठोकळा सटकला. मी गादीसकट खाली. लागलं काही नाही, पण उशाखालून माझ्याच वर्कशॉपमधले सागवानी तुकडे घरंगळत बाहेर आले. ही धावत आली, मला चाचपून बघितलं, आणि पायथ्याचा माझा मनोरा बघून तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. म्हणाली, "अहो, डोकं वर राहावं म्हणून मी उसं उचलत होते, आणि ते परत खाली बसतंय असं वाटून आणखी उचलत होते! रात्री तुमचा श्वास अडकतो, मी ऐकत असते. उशी दाबून खोकता तेव्हा जास्तच ऐकू येतं."

तर सगळं बिंग फुटलं. माझं म्हणतोय मी. ही परस्पर घशाच्या बाईंकडे जाऊन आली होती. (हॉस्पिटलात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई असतात. माणसाने वयाच्या पन्नाशीत गिळण्याची शिकवणी लावावी, म्हणजे बघ.) डॉक्टरांनी त्यांचं नाव काढलं तेव्हाच मी तिथे पाऊल टाकणार नाही असं ठणकावलं होतं, म्हणून यांनी माझ्या नकळत माझ्यावर इलाज सुरू केला. पातळ पदार्थ घशात धावतात म्हणून चहात त्या पांढऱ्या डब्यातली घट्ट करणारी पूड, लक्ष विचलित होऊ नये म्हणून मौन, जेवल्यावर ताठ बसावं म्हणून स्क्रू.

आता मी स्वतः त्या बाईंकडे जातो. घास तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे न्यायची आणि मग गिळायचं. प्रत्येक घासाला मान तुकवावी लागते. आयुष्यात एवढा नम्र मी कधी नव्हतो. ठसके मात्र कमी झालेत, हे कबूल. पलंगाला मी चिरंजीवांकडून नीट मापाचे तिरके ठोकळे कापून घेतले. जाणूनबुजून वाकडं असं हे माझं पहिलंच काम, आणि बुडबुडा बघायचा नाही अशी मला सक्त ताकीद आहे. बाईंवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. फार हसतात. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. वर्कशॉप विकायचं नाही असं दोघंही शपथेवर सांगतात. म्हणून किल्ली उशीखालून काढून गादीखाली ठेवली आहे.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. ही अजूनही रात्रभर त्या खुर्चीत बसते. डोळे खोल गेलेत तिचे. चिरंजीवांवर तिचा भरवसा नाही, ते बसल्या जागी झोपतात. तू आठ दिवस येऊन खुर्चीत बसलीस तर ती झोपेल. मी बोलावलं असं सांगू नकोस, गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला आले म्हण. मी तर रात्री डोळे मिटून अगदी शांत, एका लयीत श्वास घेत पडून राहतो, म्हणजे मला गाढ झोप लागली असं समजून ती आडवी होईल. पण ही फार संशयी आहे.

ता.क. ३. ताई, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं. (आता संशय मलाही येतो.) गुडघ्याचं कारण काढू नका, सरळ या. मी रात्री खुर्चीत का बसते, तर ते झोपलेले नसतात म्हणून. भीतीने झोपतच नाहीत, आणि लयीत श्वास घेऊन मला फसवतात. तुमच्या भावाला खरी झोप लागली की ते घोरतात, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या खोलीत कित्येक दिवसांत कोणी घोरलेलं नाही. लवकर या.