तिरुपतीला दिलेले केस

४ फेब्रुवारी
केस! न्यायाधीश बाई केस मागताहेत.
नागमणी गोळ्यांची नशा करते, आमची मुलगी सृष्टी तिच्याकडे नको — असा अर्ज मीच दिलेला. नागमणी उठून एवढंच म्हणाली, "माझी तपासणी करा." बाई म्हणाल्या, "करू. दोघांचीही." बारा तारखेला सरकारी दवाखान्यात केस द्यायचे, तिथून ते प्रयोगशाळेत.
वकील चनबसप्पा खूश. बाहेर चहा पाजला. "केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो बघा. काय खाल्लं ते सगळं त्यात बसतं. सापडली की हो बायको तुमची!"
अर्धा कप तसाच ठेवून निघालो.

५ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहावं. गोळ्या तिच्याच — पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या. तिने थोडे दिवस घेतल्या आणि सोडल्या. तिच्या चिठ्ठीवर मी आणत राहिलो. रात्रपाळीत यंत्रमागाजवळ उभं राहून खांदा भरून यायचा. एक गोळी घेतली की मागाचा खडखडाटसुद्धा मऊ वाटायचा. मग एकीच्या दोन. दिवाळीत तिने पाकीट पकडलं, भांडली, माहेरी गेली. सृष्टीला मी जाऊ दिलं नाही. आणि कोर्टात चिठ्ठी दाखवली — नाव तिचं होतंच!
अजून घेतो. आजही घेतली.

६ फेब्रुवारी
अम्मा नातीच्या वेण्या घालत होती.
"अव्वा, तू ढिल्या घालतेस. आई घट्ट घालते."
"मग जा की आईकडं!"
"अप्पा सोडतील?"
अम्मा हसली. मी पेपर वर धरला.
तेव्हाच सुचलं. आमच्या लोकांत काही अडलं की तिरुपतीला जाऊन केस देतात. का दिले म्हणून कोणी विचारत नाही. अम्माला म्हटलं, "तिरुपतीला जाऊन येऊ. मी डोकं भादरून गुंडू करतो." तिचा चेहरा असा उजळला! "तुला सुचलं, हेच लई झालं की रे, अंबू!"

९ फेब्रुवारी
तिरुपती. टक्कल करून बाहेर आलो. गर्दीत अम्माला शोधतोय, अम्मा दिसेना. समोर एक म्हातारी उभी, डोक्याला चंदन फासलेली — अम्मा!
"तू कशाला?"
"तुझं घर परत नांदतं होऊ दे म्हणून. एकट्याच्या केसांनं काय होतंय?"
तिचा तो पांढरा अंबाडा. लिहवत नाही.

११ फेब्रुवारी
चनबसप्पा भडकले. "कोण सांगितलं तुम्हाला आत्ताच टक्कल करायला?"
"नवस होता."
"नवस कोर्टाची तारीख बघून येतो काय हो?" मग माझ्याकडे बघत राहिले. फाइल मिटली. चहाही नाही.

१२ फेब्रुवारी
आधी नागमणी. तिने अंबाडा सोडला. डॉक्टरांनी मागून पेन्सिलीएवढी बट मुळाशी कापली, दोऱ्याने बांधून पाकिटात घातली. ती हलली नाही.
मग मी. मान खाली घालून टक्कल पुढे केलं. आतून सुटल्यासारखं वाटत होतं — हो, वाटत होतं!
"डोक्यावर नाहीत? असू दे. शर्ट काढा. छातीवरचे चालतात. ते सावकाश वाढतात, उलट जास्त मागचं सांगतात."
दार उघडंच होतं. नागमणी बाकावर. बटणं निघेनात.
जाताना ती हळूच म्हणाली, "अम्मांचेही दिलेत म्हणे. सृष्टी फोनवर सांगत होती. थंडी आहे अजून. त्यांना टोपी घेऊन द्या."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ मार्च
सृष्टी अम्माच्या डोक्याला तेल चोळत होती. "अव्वा, हे कधी वाढणार गं?"
"तुझी आई येईपर्यंत वाढतील की!"
टोपी अजून आणली नाही.

२० मार्च
अहवाल आला. तिचा निरंक. माझ्या केसांत मात्र गोळ्यांचा अंश सापडला. चनबसप्पा म्हणाले, "आव्हान देऊ." नको म्हटलं. अर्ज मागे घ्या म्हटलं. सृष्टीला तिच्या सायकलसकट नागमणीकडे सोडून आलो.
मग अम्मासमोर बसलो. गोळ्या कोण खातं, तिरुपतीला कशासाठी नेलं — सगळं सांगितलं. तिने डोक्यावरून सावकाश हात फिरवला.
माझ्या नाही. स्वतःच्या.