अंकिताच्या नावापुढचा शेरा

गिरड, १२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी गोळा होतात, म्हणून पत्रच बरं. समुद्रपूरला आम्हा आशा सेविकांचं प्रशिक्षण झालं. बाळंतपणानंतर घरी सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. बाळ दूध ओढतं का, अंग गार पडतंय का, सगळं बाहुलीवर करून घेतलं. मी बाहुलीला उलटं गुंडाळलं आणि सगळ्या हसल्या. नर्सबाईंची भाची म्हणून तुमचं नाव घालवलं!

शेजारच्या अंकिताला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाऊ तिला तुमच्या वडनेरला घेऊन गेला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी वहीत तिच्या नावापुढे ‘माहेरी गेली’ असा शेरा मारला. तेवढंच एक काम कमी झालं.

गुडघ्यांना जपा. माया आहे तशीच असू द्या.

आपली,
छाया

वडनेर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. छायास,
अनेक आशीर्वाद.

अंकिताची मुलगी परवा गेली, हे तुला कळलंच असेल. नऊ दिवसांची होती. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली, ती मग निजूनच राहायची. आजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची की लेकरू लय गुणाचं आहे, रडतच नाई. दूध ओढणं सुटलं होतं, अंग गार होत होतं, ते कुणी पाहिलं नाही.

इथली आशा मयुरी म्हणते, ती गिरडची सून, तिची नोंद तिकडे. आणि मी? पाचवीच्या पूजेला मी त्या घरी गेले होते. लेकरू दुपट्यात निजलं होतं. उचलून पाहावं असं मनात आलं, मग म्हटलं, आता निवृत्त झाले, कशाला लुडबुड करा. जन्मभर लोकांची लेकरं उचलली गं, आणि हे उचललं नाही.

तो शेरा मीच शिकवला. पण शेरा मारला की माहेरच्या गावच्या नर्सला मी चिठ्ठी पाठवायचे, ते तुला सांगायचं राहिलं. सगळा दोष एकटीवर घेऊ नकोस, पण अंकिता सासरी परतली की तिच्यासमोर जा. मयुरीलाही मी तेच सांगितलं.

तुझ्या काळजीत,
आत्या भागीरथा

गिरड, २२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

अंकिता आली. आठ दिवस मी तिचं दार चुकवून शेताच्या वाटेनं फिरत होते. काल अठ्ठाविसावा दिवस होता. बाळ नसलं तरी आईची भेट असते, म्हणून गेले. सासूनं चहा दिला, तो तसाच बाजूला ठेवला. मी सांगून टाकलं की शेरा मारला आणि तुला विसरले, मयुरीला एक फोनसुद्धा केला नाही. ती अंगावर येईल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, तू आली असती तं तुले समजलं असतं काय?

नाही म्हणावंसं फार वाटलं, आत्याबाई. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. मी हो म्हटलं.

ती पदर सारखा करत म्हणाली की दूध अजून येऊन राह्यलं, लय दुखते, ते बंद कसं कराचं ते तरी सांग.

आमच्या प्रशिक्षणात ते नव्हतं. उद्याच्या एसटीनं गावातले प्रेमदासभाऊ हे पत्र घेऊन तिकडे येताहेत, त्यांच्याच हाती उत्तर द्या. ती वाट पाहते आहे.

आपली,
छाया