पास झालेल्या देवकाबाईले नापास करण्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
ग्रामकला शिक्षण केंद्र (फोटो व मुखपृष्ठ वर्ग),
आर्वी, जि. वर्धा.

अर्जदार : श्रीमती देवकाबाई रूपराव काळबांडे, वय अडुसष्ट (दाखल्यावरचं, खरं सांगणारे सारे वरते गेले), रा. रोहणा, ता. आर्वी.

विषय : अर्जदाराले परीक्षेत नापास करून पुन्हा त्याच वर्गात बसवण्याबाबत.

संदर्भ : १) केंद्राच्या फळ्यावर लागलेला निकाल.
२) कॅमेरा सोमवारी परत आणून देण्याबाबत मोहिनी मॅडमचा फोन.

महोदय,

वरील विषयाले धरून सविनय सादर करण्यात येते की,

१) अर्जदार ही आपल्या केंद्राची विद्यार्थिनी आहे. कशी झाली ते आधी सांगणं भाग आहे, कारण गडबड तिथूनच आहे. पावसानं उघाड दिलती, ऊन मरणाचं होतं, अन् अर्जदार चष्म्याची काडी बसवाले आर्वीले आलती. आपल्या केंद्रात पंखा फिरून राह्यलता. खुर्च्या रिकाम्या होत्या. दारावर "चेहरा नीट पाहायला शिका" असा कागद होता. अर्जदाराले वाटलं, डोळ्याचं शिबिर आहे. जाऊन बसली. मोहिनी मॅडमनं नाव इचारलं, अर्जदारानं सांगतलं, मॅडमनं लिहून घेतलं. मागच्या बाकावरचा आदेश नावाचा पोट्टा म्हणे, "आजी, हा फोटोग्राफीचा क्लास आहे." अर्जदार म्हणे, "मंग मी काय इथं शेंगा विकाले आली?" आता एवढं बोलून गेल्यावर माणसानं मांगं कसं सरावं? वयाची अट पंधराच्या वरते अशी होती. किती वरते, ते कोणी लिहिलं नोतं.

२) मॅडम चांगली शिकवते, याबद्दल तक्रार नाई. उजेड तोंडावर फेकाचा नाई, बाजूनं येऊ द्याचा. डोळ्यात खिडकी दिसली पायजे, तं डोळा जिता वाटते. मुखपृष्ठावर मासिकाचं नाव वरते ठेवाचं. डोकं नावावर थोडंसं चढलं तं चालते, पण अक्षर तोंडावर चढलेलं चालत नाई. बाजूले मथळ्यायसाठी जागा सोडाची. हे सारं अर्जदाराले पाठ आहे. घरचा अभ्यास असा दिला का, आपापल्या गावचे चेहरे काढा, अन् आपल्याच मनानं एक मासिक करून त्याचे मुखपृष्ठ बनवा. दूरच्या गावच्या विद्यार्थ्यायले केंद्राचा कॅमेरा घरी नेऊ दिला. अर्जदारानं आपल्या मासिकाचं नाव ठेवलं 'छपरी'. आदेश लोटपोट हसला. त्याच्या मोबाइलात ती शिवी आहे म्हणे. अर्जदाराच्या घरी तिथं पाहुणे बसतात.

३) म्हणजे बसत होते. यजमान रूपराव वारले त्याले लय गंज वर्स झाले. मुलगा कैलास, सून रंजिता अन् नात आकांक्षा पुण्याले राहतात. मुलगा वाईट नाई. दर रविवारी फोन करते. "आई, जेवली का? गोळ्या घेतल्या का? बरं, ठेवतो." अर्जदारानं एकदा सांगतलं, "काल छपरीत बिबट आलता, मी त्याले ताक पाजलं." तो म्हणे, "बरं, ठेवतो." महोदय, पयले अर्जदारानं बिबट म्हटलं का अर्ध गाव आंगणात उभं राहे. खरं कोणी मानत नोतं, पण आयकाले येत. आता बिबट आला काय अन् हत्ती आला काय, जो तो आपल्या घरात मोबाइलात पाहून राह्यला.

४) अभ्यास सुरू झाला अन् फोटोले बसवतानी गावची एक रीत आडवी आली. रोहण्यात म्हातारं माणूस एकट्याचा फोटो काढू देत नाई. लग्नातला काढा, नातू मांडीवर देऊन काढा, बैलाची येसण हातात देऊन काढा. पण एकट्याचा मोठ्ठ्या तोंडाचा फोटो म्हणजे भिंतीवरचा. हाराचा. शेजारीण कुंताबाई खुर्चीवर बसली, मांगं साधी चादर बांधलेली पाह्यली अन् ताडकन उठली. "काव देवके, मले आत्ताच टांगते काय? माहा नंबर तुह्या आधी लावते?" अर्जदारानं गंज समजावलं का, हा शिक्षणाचा फोटो आहे, याले हार लागत नाई. ती म्हणे, "हार काय, घरचे लावून घेते मांगून."

मंग अर्जदारानं तोड काढली. चौकटीत एकच जण. चौकटीच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या अंगाले, त्याचं आवडीचं माणूस बसवाचं. ते बोलते, पयला त्याच्याकडे पाहते. फोटोत एकटा, पण घरात एकटा नाई. कुंताबाईनं आपली नणंद आणली. भाजीवाल्या प्रेमदासनं बायको आणली. ती उन्हाळ्यातल्या मोटारपंपावरून त्याले बोलत राह्यली अन् अर्जदार कॅमेऱ्याची कळ दाबत राह्यली. मॅडमनं वर्गात इचारलं, "आजी, तुमच्या फोटोतल्या माणसांची नजर इतकी छान कशी येते? कोणाकडे पाहतात ही?" अर्जदार म्हणे, "आपापल्या भांडणाकडे."

५) म्हणून एका फोटोले दोन माणसं येऊ लागले. दोनाले पाहाले आणखी चार. चहाचं मोठं गंज-पातेलं माळ्यावरून खाली काढावं लागलं. फोटोपेक्षा लोकायले मथळ्याची हौस जास्त. मॅडमनं सांगतलं होतं का, मथळा वाचून जाणारा माणूस थांबला पायजे. अर्जदारानं लिहिलं : "प्रेमदासच्या वांग्यात शिरलेला बैल शेवटी सापडला." कुंताबाईसाठी : "हिनं डोळे वटारले अन् आटलेल्या विहिरीले पाणी आलं." वयानं साऱ्यायहून मोठे किसनराव, त्यायचा मथळा : "हे शिंकले अन् जाम गावच्या चौकातले ट्रक उलटे फिरले." मॅडम म्हणे, "आजी, मथळा खरा पाहिजे." अर्जदार म्हणे, "वाचून कोण थांबलं नाई ते सांगा." किसनरावनं तो कागद खिशात घालून कारंज्याच्या लेकीच्या गावापर्यंत दाखवला. तिथल्या ढाब्यावर त्यायले एकजण म्हणे, "बुवा, आमच्या इकडे तोंड करून शिंकू नका." बुवा आठ दिवस खुश.

६) आता मुख्य तक्रार. मधात एक आठवडा आपण कॅमेरे तपासणीसाठी केंद्रात जमा करून घेतले, मंग परत दिले. तितके दिवस अर्जदाराच्या छपरीत एक माणूस फिरकलं नाई. पयल्या दिवशी सवयीनं मोठं गंज चुलीवर चढलं. अर्जदारानं कुंताबाईले भिंतीवरून हाक मारली, "काव, चहा झाला." ती म्हणे, "कॅमेरा आला काय?" "नाई." "मंग येतो उद्या." कापूस वेचणीचे दिवस आहेत, तिची चूक नाई. अर्जदारानं तो चहा रातपर्यंत पुन्हा पुन्हा गरम केला. शेवटी तो प्याच्या लायकीचा राह्यला नाई.

आपण म्हणसान, मोबाइल घ्या. मोबाइल साऱ्यायपाशी आहे; त्याच्यासाठी दुसऱ्याच्या पायऱ्या कोण चढते? मुलगा म्हणे, "आई, तुला हवा तर कॅमेरा घेऊन देतो." पण कॅमेऱ्यानंही भागत नाई, हे अर्जदाराले आता समजलं. खरा जीव परीक्षेत आहे. आमच्या गावात म्हातारी बुडी बोलावते म्हटलं तं सारे म्हणतात, "पाहू." पण कोणाच्या घरी परीक्षा आहे म्हटलं, का देवळाचा भोंगा बंद होते, टीव्ही बारीक होते, नवराबायको भांडण पुढच्या आठवड्यावर ढकलतात. परीक्षेले गावात कोणी नाई म्हणत नाई. अर्जदारानं हा कायदा आपल्यालेही लावून घेतला. "माही परीक्षा हाये वो, जराशीक बसता काय?" म्हटलं का माणूस ओटीतला कापूस ओतून हात झटकत येते. अन् आपण अर्जदारालेच पास करून टाकलं.

७) निकालाचं मुलाले कळवलं तं तो म्हणे, "झालं ना मग! आता आराम कर." महोदय, आराम अर्जदाराले माहीत आहे. बाजेवर बसून फाटकाकडे पाहणं, त्याले आराम म्हणतात.

८) तरी अर्जदार ही पास होण्याच्या लायकीची नाई, याचे पुरावे खालीलप्रमाणे. किसनरावच्या फोटोत कान लख्ख आहे अन् डोळे धुरकट. एका मुखपृष्ठावर 'छपरी'तला 'री' प्रेमदासच्या टोपीखाली पूर्ण दबला. हजेरीत अर्जदाराच्या नावापुढं हजर आहे तिथं कधी कधी ती बसल्या बसल्या झोपली होती. पंखा चांगला आहे.

सगळ्यात मोठा पुरावा शेवटच्या फोटोचा. शेवटचा अभ्यास होता आपला स्वतःचा चेहरा. अर्जदारानं खिडकीपाशी खुर्ची मांडली, पाट्यावर डबा, डब्यावर कॅमेरा ठेवला, अन् आपोआप फोटो निघाची कळ लावून पळाली. गुडघा मधातच अडला. कॅमेऱ्यानं वाट पाह्यली नाई. पुन्हा लावली, पुन्हा तेच. बाहेर बसून बोलाले त्या दिवशी कोणी नोतं, सारं गाव वेचणीले. शेवटी त्या रिकाम्या खुर्चीचाच फोटो अर्जदारानं लावून टाकला, अन् मथळा दिला : "देवकाबाई आत्ताच इथून उठून गेली." मॅडमनं त्याले पैकीच्या पैकी दिले. वर्गात उभं करून म्हणे, "बघा, आजींनी किती खोल विचार केलाय." पोट्ट्यायनं टाळ्या पिटल्या. महोदय, त्यात खोल काईच नाई. गुडघा आहे.

पण घरी येऊन अर्जदारानं तो फोटो पाह्यला. उजेड बाजूनं, बरोबर. खुर्चीची पाठ लख्ख. आपण नसल्यावर हे घर कसं दिसन, ते अर्जदाराले पयल्यांदा दिसलं. चांगलं दिसत होतं. कशाचीच कमी वाटत नोती. हे अर्जदाराले आवडलं नाई, म्हणून ते मार्क परत घेण्यात यावे.

९) आता घाईचं कारण. निकाल पाहून अर्जदार यष्टीनं रोहण्याले उतरली तं कुंताबाई फाट्यावरच उभी. "काय झालं वो?" अर्जदाराच्या तोंडून निघून गेलं, "नापास झाली."

महोदय, अर्जदारानं या गावाले बिबट सांगतला, हत्ती सांगतला, रूपरावले भुतानं बिडी मागतल्याचं सांगतलं. एकही गोष्ट कोणी खरी मानली नाई, अन् अर्जदाराले त्याचं कधी वाईट वाटलं नाई. ही एक मात्र साऱ्यायनं तिथल्या तिथं मानली. कुंताबाईनं कपाळाले हात लावला. सांजच्याले छपरीत उभं राहाले जागा नोती. प्रेमदास म्हणे, "माह्यामुळंच झालं असन काकू, मी डोळे मिटले होते." किसनराव म्हणे, "मी पुढच्या बारीले हालत नाई, श्वास पण घेत नाई." कोणी म्हणे बाजूची खिडकी मोठी करू, कोणी म्हणे चादर धुऊन देतो. ज्या बाया आतापर्यंत हाराच्या भेवानं आल्या नोत्या, त्यायनं आपले नंबर लावून ठेवले. जाता जाता कुंताबाई म्हणे, "रडू नको. आम्ही हाओत ना. जमन तुले." अर्जदार रडत नोती. मंग रडली.

इथपर्यंत ठीक होतं. पण काल ठरलं का सोमवारी सारे जण प्रेमदासच्या भाजीच्या गाडीत बसून आपल्या केंद्रावर येणार, अन् आमच्या बुडीले नापास काऊन केलं म्हणून आपल्याले जाब इचारणार. अर्जदारानं गंज आडवलं. कुंताबाई म्हणे, "तू चूप बस. तुले बोलता येत नाई." असं अर्जदाराले या जन्मात पयल्यांदाच कोणी म्हटलं.

तरी महोदयांस विनंती की, सोमवारी सकाळी गाडी येऊन लागण्याच्या आधी फळ्यावर अर्जदाराच्या नावापुढं नापास असं ठळक अक्षरात लिहिण्यात यावं. मोहिनी मॅडमले तशी समज देण्यात यावी. त्यायचं तोंड खोट्याले लागत नाई, हे अर्जदार जाणते, म्हणून त्यायनं त्या दिवशी रजा घेतली तरी चालन. मंडळी चढ्या आवाजात बोलतील. त्याचा राग धरू नये, पाणी पाजावं. कुंताबाईले गोड चहा चालत नाई. किसनरावले मोठ्यानं बोलावं लागन.

अन् त्यायनं इचारलं का बाईचं चुकलं तरी काय, तं आपण फक्त एवढंच सांगावं : बाईचा हात बरा आहे, पण सराव कमी पडून राह्यला. अजून गंज माणसं लागतील. रोज लागतील.

आपल्या वर्गातून जायची इच्छा नसलेली,

(सही)
देवकाबाई रूपराव काळबांडे
रोहणा, दि. ४ डिसेंबर २०२५

सोबत : पास झाल्याचं प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत.