तुझ्या तळहाताला खाज सुटली तेव्हा

आई, परवा आमच्या दवाखान्यात एक म्हातारे बाबा मरता मरता वाचले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. मी आता नर्स आहे, वेल्ह्याकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात. तुला हे कुठून ठाऊक असणार. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते.

त्या वर्षी भाताची आवणी उरकली आणि तुझी कंबर धरली. मला दुकानात पाठवून तू दुखण्याची गोळी आणवलीस. पाकिटावरचं इंग्रजी नाव मी वाटभर मोठ्यानं वाचत आले, तेवढीच हौस. गोळी घेतलीस आणि भाकरीचं पीठ मळेपर्यंत तुझ्या अंगावर गांधी उठल्या, वरचा ओठ टम्म सुजला. "सुकट बाधली," तू म्हणालीस आणि आमसुलाचं पाणी अंगाला चोळत बसलीस. मी तुझ्या ओठाला हसले. तूही आरशात बघून हसलीस. दुपारपर्यंत सगळं उतरलं, आणि सुकट मात्र घरातून कायमची गेली.

पंधरवड्यानं कंबर पुन्हा धरली, तेव्हा आपण दोघी नसरापूरला डॉक्टरांकडे गेलो. ते भले माणूस होते, त्यांनी विचारलंही, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "न्हाई वो, तसलं काय न्हाई." मला तुझा सुजलेला ओठ आठवला होता. पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालते म्हणून आदल्याच दिवशी तू मला सगळ्यांदेखत रागावली होतीस, आणि मी त्या रागातच होते. म्हटलं, विचारलंय तिला, तिचं ती सांगेल. त्यांनी सुई दिली. एसटी लागली होती, म्हणून आपण लगेच निघालो.

गाडी रस्त्याला लागते न लागते तोच तू तळहात खाजवायला लागतेस. "मिरच्या कांडल्यावानी आग व्हतीया गं हातांची." मग पोटात कळ. मग तुझा आवाज घोगरा होतो, जणू दुसरंच कोणी बोलतंय. "जीव घाबरा व्हतोय, मला धर." बाया उठतात. कोणी पाणी पाजतं, कोणी लिंबू नाकाला लावतं, दोघी जणी तुला काखेत धरून ताठ बसवतात. ड्रायव्हर त्या अरुंद रस्त्यावर अख्खी एसटी मागं फिरवतो, आणि गाडीतलं एक माणूसही कुरकुरत नाही. नसरापूरची दुकानं दिसायला लागली तेव्हा तुझा हात माझ्या हातात नुसता पडून होता.

तुझ्यामागं एकटे पडलेले आबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "लई दमली व्हती, काळजावर आलं." मीही तेच धरून चालले होते. मग नर्सिंगला गेले. एका सकाळी वर्गात बाई शिकवत होत्या, औषधाची जिवावरची ॲलर्जी कशी ओळखायची. तळहात-तळपायांना खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बदलणं, पोटात कळ, मग धाप, मग रक्तदाब कोसळणं. मी वहीत उतरवत होते. "अशा माणसाला आडवं करा, पाय वर घ्या. एकदम उठवून बसवाल तर तेवढ्यानंही जाईल," असं बाई म्हणाल्या आणि माझं पेन थांबलं. सुट्टीत घरी आले, ट्रंकेतली नसरापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. त्यावर सुईच्या औषधाचं तेच नाव होतं, मी वाटभर वाचत आणलेलं. आबांना मी ते सांगितलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तेव्हापासून मी कोणाला "ॲलर्जी आहे का" असं विचारतच नाही. "कधी गोळी खाऊन पित्त उठलं व्हतं का? ओठ सुजला का? खाण्यातलं बाधलं असं वाटलं, त्या दिवशी कुठली गोळी घेतली व्हती का?" असं विचारते. बाया आठवायला लागतात. "व्हय की, बाई," म्हणतात. काही वेळा मात्र विचारूनही हाती काही लागत नाही. परवाचे बाबा पाली गावाच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणारे, पायाला कोयता लागलेला. सगळं विचारलं, चाचणीची सुई टोचून पाहिली, काहीच उठलं नाही. जखम पिकू नये म्हणून इंजेक्शन दिल्यावर दोन मिनिटांत ते म्हणाले, "बाय, हाताला खाज का सुटली?"

आई, मी धावले नाही. त्यांना आडवं केलं, पाय सलाईनच्या खोक्यावर ठेवले, डॉक्टरांना हाक मारली आणि धोतर सारून मांडीच्या बाहेरच्या अंगाला ॲड्रिनलिन टोचलं. अंगावरच्या पित्ताचं औषध नंतर. आधी हेच, आणि लगेच. ऑक्सिजन लावला, सलाईन सोडलं. पाच मिनिटांनी नाडी अजून सुतासारखी, म्हणून दुसरा डोस. मग हळूहळू ओठांवर रंग आला. गेलेला त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून त्यांना भोरला दाखल करायला पाठवलं. कार्डावर त्या औषधाचं नाव लाल शाईनं लिहून दिलं आणि बजावलं, "बाबा, कुठल्याबी दवाखान्यात गेलात की आधी हे दाखवायचं."

सगळे मला शाबासकी देत होते. हे पत्र केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय. ते टाकायचं कुठं, टेबलाच्या खणातच राहील. तरी एक सांगते. बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांची लेक, माझ्याच वयाची, त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडत होती. ते पुटपुटले, "रडू नगं, म्या हाय की." मी तिच्यावर खेकसले, "बाहेर व्हा, गर्दी करू नका." खोलीत गर्दी नव्हती. ती एकटीच होती.