एका ओढ्याचे वाटेकरी

आंग्लशब्दकुलवृत्तान्तविशारद, लॅटिनमूलगवेषकचूडामणी, विद्यार्थिनिबंधसंहारक, नवीन पनवेलान्तर्गत द्वितीयमजलाधिपती, सामायिक जलवाहिनीचे अनभिषिक्त सम्राट, कैलासवासी सर,

एवढी बिरुदे ऐकून तुम्ही चष्म्यावरून पाहत "मुद्द्यावर ये" म्हणाला असता, म्हणून येतो. तुम्ही गेल्याला तप उलटले. शाळेत मला इंग्रजी शिकवून तुमचे समाधान झाले नसावे. निवृत्तीनंतर नियतीने तुम्हाला माझ्या समोरच्याच दारात आणून बसवले, आणि दोन्ही घरांना पाणी दिले एकाच नळीतून. सकाळी माझा नळ सुटला की तुमचा कोरडा पडे. मग घंटा वाजे. दारात तुम्ही, हातात रिकामी बादली.

"नळ बंद कर. माझ्याकडे थेंब नाही."

"सर, तुमच्याकडे लॅटिन आहे. पाण्याचं काय करता?"

तुम्ही बादली पालथी घालून तिच्यावर बसता आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखे विचारता, "रायव्हल. आजोळ सांग याचं." कोणताही शब्द भेटला की आधी आजोळ विचारायचे, हा तुमचा शिरस्ता. उत्तरही तुम्हीच देता. "लॅटिन. रीवुस म्हणजे ओढा. त्यावरून रीवालिस, एकाच ओढ्याचं पाणी भरणारा. म्हणजे तू."

मी गीर्वाणवाणीची लाज राखतो. "आमच्याकडे शत्रूला सपत्न म्हणतात. सपत्नीवरून. म्हणजे सवतीवरून."

"तुमचं भांडण घरातलं, त्यांचं पाणवठ्यावरचं," तुम्ही म्हणता. मग बादलीवरून उठता उठता, "आपलं दोन्ही."

जिन्यातून पंप चालवणारे, ओवे गावचे मामा ओरडतात, "मास्तर, भांडन उद्याला करा. पानी थांबत नाय."

आता तुमच्या दाराला कुलूप आहे. समग्र जलप्रवाह एकट्या मला येतो, निर्विवाद. पिंप भरून वाहते तरी घंटा वाजत नाही. विजय इतका संपूर्ण असतो याची कल्पना नव्हती. परवा 'कम्पॅनियन'चे आजोळ सापडले: कोम् म्हणजे सह, पानिस म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी. सांगायला म्हणून उठलो, आणि तुमच्या घंटेवर बोट दाबल्यावर भानावर आलो. ती वाजली नाही. वीज केव्हाच तोडली आहे.

हे पत्र धाडायचे कुठे, म्हणून ते फडताळात जाईल. एवढे मात्र कबूल करतो की रोज सकाळी, तुमचे भरून होईल इतका वेळ, मी माझा नळ बंद ठेवतो.

बाकी, जिन्यातला व्हॉल्व्ह गळतो आहे. तो आवळायचा माझा पाना तुम्ही "संध्याकाळी देतो" म्हणून नेलात, तो तुमच्याच मोरीत आहे. तूर्त फडके बांधले आहे. ते रोज पिळावे लागते.