स्टुडिओ आणि त्यातल्या डिस्क आरतीच्या नावे

मी, भरत हौशीराम पोखरकर, वय अडुसष्ट, धंदा फोटो आणि व्हिडिओ शूटिंग, राहणार घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, आज माझ्या माघारी काय कोणाचं हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघे सोडले तर शरीराबद्दलही तक्रार नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही; उलट जिच्या नावे मी मुख्य गोष्ट ठेवतो आहे, तिने नको नको म्हणून पाहिलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे माझं पहिलं आणि शेवटचं.

१. घोडेगावातलं राहतं घर आणि पोस्टातली ठेव माझी पत्नी अंजना हिची. ती आहे तोवर त्या घरात तिचाच शब्द चालेल. तिच्यानंतर घर मुलगा सूरज याचं. अंजनाला स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी हवी आहे. ती सूरजने पाडून द्यावी, आणि कुठे पाडायची ते तिलाच विचारावं.

२. पेठ येथील वडिलार्जित शेतीतला माझा हिस्सा सूरजला.

३. बसस्टँडसमोरचा स्टुडिओचा गाळा मी स्वकष्टाने घेतला आहे. तो गाळा, त्यातले कॅमेरे, कॉम्प्युटर आणि सर्व हार्ड डिस्क माझी सून सौ. आरती सूरज पोखरकर हिच्या एकटीच्या नावे करतो. यात सूरजचा वाटा नाही. घरात यावर बोलणं झालं आहे. सून परक्या घरची, तिच्या नावावर धंदा कसा करतोस, असं भावकीतून मला विचारलं गेलं. म्हणून कारण इथेच लिहून ठेवतो.

आरती येडगावची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या डिस्क कॅसेटच्या जुन्या खोक्यात एकावर एक पडलेल्या असत, खाली स्पीकर, वर चहाचा कप. तिने कोणाला नावं ठेवली नाहीत. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला बसवून घेऊन एकेक गोष्ट विचारली, मोबाइलवर वाचली, आणि हळूहळू स्टुडिओची शिस्त बसवली. प्रत्येक डिस्कला तिने मऊ कापडाची खोळ शिवली. येडगावला माहेरी जाताना प्रत्येक कामाची दुसरी प्रत घेऊन जाई आणि तिथल्या कपाटात ठेवी. अंजना तिला म्हणायची, माहेरी जाताना लोक लाडू नेतात, तू हे काय नेतेस?

पलीकडच्या डोंगरातल्या गोजरबाईंच्या मुलीचं लग्न आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर शूट केलं. पंगतीत वाढायला गोजरबाईंचा मुलगा दुंदा पुढे होता. त्याच पावसाळ्यात घाटात मोटारसायकलवरून पडून दुंदा गेला. दिवसकार्य उरकल्यावर गोजरबाई एसटीने खाली आल्या. त्यांच्याकडे मुलाचा एक फोटो होता, शाळेतला. त्यांना तो बोलताना बघायचा होता. लग्नाची कॅसेट, म्हणजे आम्ही दिलेला पेनड्राइव्ह, उंदरांनी कुरतडला होता.

आरतीने त्यांना खुर्ची दिली आणि डिस्क लावली. डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. पावसाने येडगावचा रस्ता खचला होता, आरतीचं तिकडे जाणं झालं नव्हतं, म्हणून त्या लग्नाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आरतीने ताबडतोब कॉम्प्युटर बंद केला.

माझा धाकटा भाऊ सावळेराम तिथे होता. तो म्हणाला, पुन्हा चालू कर, कधीकधी लागते. आरती नाही म्हणाली. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला. उघडून आतली चकती हाताने फिरवून बघतो म्हणाला. आरतीने डिस्कवर दोन्ही तळवे ठेवले.

“नाना, हात लावू नका. आत धुळीचा कण गेला तरी चरा पडंल. आन् आता जेवढी फिरवाल तेवढं पुसलं जाईल.”

“थोरल्या माणसाला अडवतीस व्हय?” सावळेराम म्हणाला.

ती उठली नाही, तिचा आवाजही चढला नाही. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, आरती म्हणेल तसं. सावळेराम स्क्रू ड्रायव्हर टेबलावर टाकून निघून गेला.

गोजरबाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “माजा दुंदा दिसंल का, बाई?”

“मावशी, दिसंलच असं म्हणत न्हाई,” आरती म्हणाली. “पण माझ्या हातून बिघडणार न्हाई.”

तिच्या जागी मी असतो तर खोटा धीर दिला असता. आरतीने दिला नाही, आणि तरी गोजरबाई तिच्यावर विश्वास ठेवून परतल्या. आरतीने डिस्क अंजनाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि पुण्यापर्यंत मांडीवर धरून नेली. एसटीत खड्डा आला की डबा उचलून धरायची, असं सोबत गेलेल्या सूरजने सांगितलं. पुण्याच्या कारागिरांनी बंद खोलीत आतला मोडका भाग बदलला आणि बरंचसं शूटिंग बाहेर काढलं. डिस्क लगेच बंद केली आणि उघडली नाही म्हणूनच हे जमलं, असं ते म्हणाले.

गोजरबाई पुन्हा आल्या. पडद्यावर दुंदा बादली घेऊन पंगतीतून येत होता. आईजवळ थांबून तो म्हणाला, “आये, तू बस आता. म्या वाढतो.” गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी ते परत लावायला सांगितलं, आणि परत. आरती दर वेळी लावत राहिली. बाहेर लग्नाची सुपारी द्यायला आलेले लोक खोळंबले होते; तिने त्यांना हाताने थांबा म्हटलं.

त्या दिवशी मी ठरवलं. सूरज चाकणला कंपनीत आहे. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आण्णा, माझ्या नावावर केलात तर मी गाळा भाड्यानं दील. तिच्या नावावर केलात तर ती चालवल.” मुलाने इतकं खरं बोलावं याचाही मला अभिमान आहे.

४. डिस्कबाबत आरतीला काही सांगायची गरज नाही. पण पुढे ज्यांच्या हाती जातील त्यांच्यासाठी तिचीच पद्धत लिहितो. चालू डिस्क हलवू नये, टेबलावर आपटू नये. आधी कॉम्प्युटरवरून बंद करावी, मग वायर काढावी. आमच्याकडे लाइट कधीही जाते, तेव्हा यूपीएसशिवाय काम करू नये. ऊन, ओल, धूळ यांपासून लांब ठेवावी. पावसातून आणली तर कोरडी होऊ द्यावी, मग जोडावी. काठोकाठ भरू नये. नुसती कपाटात विसरू नये, अधूनमधून चालवून बघावी, आणि म्हातारी होण्याआधी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावं. प्रत कायम दोन गावांत. आवाज बदलला की थांबावं.

यातलं कोणाचंही लग्न किंवा दुखवटा विकू नये, इंटरनेटवर टाकू नये. घरचं माणूस गेलं म्हणून कोणी मागायला आलं, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

५. भाऊ सावळेराम त्या दिवसानंतर स्टुडिओची पायरी चढलेला नाही. माझा पहिला व्हिडिओ कॅमेरा मी त्याला देतो. तो खांद्यावर घेऊन मी बैलगाडा शर्यतीच्या घाटात धावायचो तेव्हा जड बॅटरी घेऊन मागे तोच धावायचा. कॅमेरा मात्र स्टुडिओतून, आरतीच्या हातून घ्यावा. ही अट आहे. भाऊ म्हणून घालतो आहे.

६. नात आरोही हिला माझा फोटोचा कॅमेरा. तिने तो वापरून खराब केला तरी चालेल, जपून ठेवून खराब करू नये.

७. आयुष्यभर मी कॅमेऱ्याच्या मागे राहिलो, त्यामुळे माझं स्वतःचं शूटिंग कुठेच नाही. काल आरतीने मला स्टुडिओत फोटोच्या पडद्यासमोर बसवलं, कॅमेरा चालू केला आणि वरचं सगळं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “आण्णा, आता कागद ठेवा. तुमचं काहीतरी बोला.” लोकांना जन्मभर सांगत आलो तेच तोंडातून आलं: “हं, सगळ्यांनी इकडं बघा.” आरती कॅमेऱ्यामागे हसली आणि मलाही हसू आलं. ते तेवढंच ठेवावं. कापू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली.

भरत हौशीराम पोखरकर (सही)

भरतरावांनी आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या. यातलं आम्हाला काही मिळायचं नाही.

साक्षीदार: १. अंकित नेमीचंद गुगळे, कापड दुकानदार, घोडेगाव (सही)
२. रखमाजी विठू काळे, निवृत्त शिक्षक, घोडेगाव (सही)

स्थळ: घोडेगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४